ऑर्लँडोहून परतल्यावरचा वाद

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. एप्रिलच्या सुट्टीत सगळे मिळून ऑर्लँडोला गेलो. तीन दिवस डिस्नी वर्ल्ड, तीन दिवस युनिव्हर्सल. डिस्नीला ऑल-स्टार मूव्हीजमध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या. युनिव्हर्सलला रॉयल पॅसिफिकमध्ये राहिलो, ते नवऱ्याने कार्डाच्या पॉइंटांवर बुक केलं होतं. परत आल्यापासून घरात एकच विषय आहे. नवरा म्हणतो, "डिस्नी म्हणजे नुसत्या रांगा आणि बसची वाट बघणं. पैसे वसूल झाले ते युनिव्हर्सलला." मुलगाही बापाच्याच बाजूने. माझं मत नेमकं उलट आहे. मुलगी डिस्नीत रमली होती. युनिव्हर्सलला ग्रिंगॉट्स राइडच्या दारात तिची उंची मोजली, ती ४१ इंच भरली, लागते ४२. रडून रडून बेजार झाली. मी स्वतः तिथे तीन दिवसांत दोनच राइडमध्ये बसले. सासरे ७३ वर्षांचे आहेत, निफाडला द्राक्षबाग होती, आता गुडघे धरतात. ते म्हणतात, "बाकावर बसवायला एवढ्या लांब आणलंत होय?" सासूबाई काहीच बोलत नाहीत. नाशिकला फोन लावला की मात्र जिराफांचं सांगत बसतात. आता डिसेंबरात धाकटी नणंद, तिचे यजमान आणि नऊ वर्षांचा मुलगा येतायत. पुन्हा सगळ्यांनीच जायचं ठरलंय. तिने ग्रुपवर विचारलं, दोन्हींपैकी चांगलं कुठलं? नवऱ्याने लिहिलं युनिव्हर्सल, मी लिहिलं डिस्नी. त्यावरून जे सुरू झालंय ते थांबत नाही. अजून काहीच बुक केलेलं नाही. तुम्हीच सांगा, खरं चांगलं कुठलं?

उत्तर : तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष सगळ्यात आधी हॉटेलांच्या नावांवर गेलं. माझी धाकटी बहीण बरीच वर्षं फ्लोरिडात आहे, त्यामुळे ऑर्लँडोला जाऊन आलेली अनेक मराठी घरं मी पाहिलीत. "डिस्नी की युनिव्हर्सल" हा वाद बहुतेकांत होतो. पण जवळजवळ प्रत्येक वेळी तुलना पार्कांची होतच नाही. कोण कुठे उतरलं होतं, त्यावर सगळं ठरतं. तुमच्याही घरात तेच झालंय.

ऑल-स्टार मूव्हीज हे डिस्नीच्या स्वस्त हॉटेलांपैकी एक. स्वच्छ, मुलांना आवडेल असं, त्यात वाईट काही नाही. पण तिथून कुठल्याही पार्कला जायचं तर बस, दुसरा पर्याय नाही. डिस्नी वर्ल्डचा एकूण पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटरचा. चार पार्क चार दिशांना. बसची वाट बघणं, प्रवास, उतरून तपासणी, पुन्हा चालणं, यात एका बाजूचा पाऊण तास ते तास सहज जातो. म्हणजे दुपारी सासऱ्यांचे गुडघे ठणकायला लागले, मुलगी पेंगायला लागली, तरी "चला, खोलीवर जाऊन पडू या" असं म्हणायची सोय नव्हती. सकाळी निघालात की रात्रीच परत.

रॉयल पॅसिफिकचं गणित वेगळं आहे. युनिव्हर्सलचे दोन मूळ पार्क एकमेकांना खेटून आहेत आणि हे हॉटेल तिथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. चालायचं नसेल तर बोट आहे. शिवाय पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत उतरणाऱ्यांना या दोन पार्कांचा अमर्याद एक्स्प्रेस पास खोलीबरोबरच मिळतो, खोलीतल्या प्रत्येकाला. तुमच्या यजमानांना तिथे रांगा लागल्या नाहीत त्या या पासमुळे. डिस्नीत असाच प्रकार विकत घ्यावा लागतो, त्याला लायटनिंग लेन म्हणतात. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तो मुक्काम सुरू व्हायच्या सात दिवस आधी सकाळी सातला मोबाइलवर घेता येतो. बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. तुम्ही तो घेतल्याचं पत्रात कुठे दिसत नाही, म्हणून मी धरून चालते की घेतला नव्हता. एप्रिलच्या सुट्टीत त्याच्याशिवाय डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कला गेलं की रांगेतच दिवस जायचा.

मग हिशेब बघा. एका ठिकाणी बसवर अवलंबून असलेलं हॉटेल आणि सगळ्या रांगा. दुसऱ्या ठिकाणी दारातलं हॉटेल आणि रांग नाही. आणि हे दुसरं, जे रोख पैशांत कितीतरी महाग पडतं, ते पॉइंटांवर आल्यामुळे खर्चाच्या यादीत दिसतच नाही. यजमान खोटं बोलत नाहीत, त्यांना तसंच वाटलं असणार. पण त्यांना हे एकदा कागदावर मांडून दाखवा. "पैसे वसूल" हा त्यांचा मुद्दा रॉयल पॅसिफिकचा खरा दर धरल्यावर टिकतो का, ते त्यांनाच ठरवू द्या.

आता तुमची बाजू. तुम्ही डिस्नीच्या बाजूने बोलताय, पण पत्रातलं खरं वाक्य वेगळंच आहे: "मी दोनच राइडमध्ये बसले." ते तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. मला वाटतं, ग्रुपवर जे पेटलंय त्याच्या तळाशी हेच आहे. तीन दिवस नवरा आणि मुलगा आत जात राहिले आणि तुम्ही बाहेर मुलीला, दोन म्हाताऱ्या माणसांना, पाण्याच्या बाटल्यांना आणि सगळ्यांच्या पिशव्यांना सांभाळत उभ्या राहिलात. डिस्नीत मुलीबरोबर तुम्हीही बसू शकलात, म्हणून ते बरं वाटलं. यात तुमचं काही चुकलं नाही. पण नवऱ्याला "डिस्नी चांगलं" एवढंच ऐकू आलं, "मी बाहेर उभी होते" हे ऐकू आलं नाही. तेच त्यांना सांगा, ग्रुपवर नको, दोघंच असताना. बहुतेक नवऱ्यांना हे लक्षातच आलेलं नसतं, आणि सरळ सांगितलं की लागतंही.

यावर तिथेच उपायही आहे, आणि तो फुकट आहे. लहान मूल उंचीत बसत नसेल तर आईबापांपैकी एकाने राइड करायची, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, आणि मग पुन्हा रांग न लावता अदलाबदल करायची. युनिव्हर्सलला याला चाइल्ड स्वॅप म्हणतात, डिस्नीला रायडर स्विच. युनिव्हर्सलच्या बऱ्याच मोठ्या राइडमध्ये थांबणाऱ्यासाठी आतच खोली असते. दारावरच्या माणसाला एवढंच सांगायचं की आम्हाला स्वॅप करायचाय. पुढच्या खेपेला हे यजमानांनी विचारायचं, तुम्ही नाही. आणि निदान एक अख्खी दुपार मुलगी त्यांच्याकडे.

मुलीची एक इंचाची गोष्ट मात्र डिसेंबरपर्यंत आपोआप सुटेल असं दिसतंय. या वयाची मुलं वर्षाला साधारण अडीच इंच वाढतात. एप्रिलमध्ये ४१ होती, म्हणजे नाताळपर्यंत ४२ पार व्हायला हरकत नाही. घरी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि तिला दाखवा. पण तिला आत्ताच समजावूनही सांगा की हॅग्रिडच्या मोटारसायकलला ४८ इंच लागतात आणि व्हेलोसिकोस्टरला ५१, तिथे ती अजून काही वर्षं जाणार नाही. दारात पोचून कळलं की मुलं कोसळतात. घरून माहीत असेल तर बहुतेक सावरतात. नणंदेलाही तिच्या मुलाची उंची इंचात मोजून पाठवायला सांगा. नऊ वर्षांचा मुलगा ४८ ला बहुतेक पुरतो, ५१ ला पुरेल की नाही सांगता येत नाही. आणि मोठ्या भावाबरोबर बसायला मिळणार म्हणून नाशिकहून स्वप्नं बघत येणाऱ्या पोराला तिथे अडवलं तर तो दिवस सगळ्यांचाच जातो.

सासू-सासऱ्यांबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण तुमच्या वादात त्यांचं मत कुणी विचारलेलंच दिसत नाही.

सासूबाई जिराफांचं सांगतात, याचा अर्थ त्यांना अ‍ॅनिमल किंगडममधली किलिमांजारो सफारी आवडली. उघड्या ट्रकमध्ये बसून मोकळ्या माळरानातले जिराफ, हत्ती, गेंडे बघायचे, उंचीची अट नाही, गरगर नाही. पुन्हा जाल तेव्हा त्यांना सकाळी उघडल्या उघडल्या न्या, तेव्हा उन्हं कोवळी असतात आणि जनावरं हिंडत असतात. त्याच पार्कात महाराजा जंगल ट्रेक नावाची पायवाट आहे. पडक्या राजवाड्यासारखं बांधकाम, नक्षीच्या भिंती, आणि त्यातून वाघ. आपल्याकडच्या माणसांना तिथे ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं होतं. आणि एक खास सुचवते. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलाच्या किदानी व्हिलेज भागात सना नावाचं रेस्तराँ आहे. तिथे राहत नसलात तरी जेवायला जाता येतं. नान, पनीर पराठा असे रोटीचे प्रकार आणि त्यांच्याबरोबर वाट्या भरून चटण्या, लोणची, रायतं असा थाळा येतो, आणि काचेबाहेर झेब्रे, जिराफ चरत असतात. टेबल साठ दिवस आधी राखून ठेवता येतं. सासूबाईंना खिडकीजवळची जागा मागून घ्या. युनिव्हर्सलमध्ये त्यांच्या वाट्याला असं फार कमी आहे. तिथल्या बऱ्याच राइड मोठ्या पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या आहेत, आणि ज्यांना चक्कर येते किंवा मान दुखते त्यांनी त्यापासून लांबच राहिलेलं बरं.

सासऱ्यांचं वाचून मात्र वाईट वाटलं. तीन दिवसांत तुम्ही चारपैकी तीनच पार्क पाहिले असणार, आणि सहसा वगळलं जातं ते एपकॉट, "मुलांना कंटाळा येईल" म्हणून. ज्या माणसाने उभं आयुष्य द्राक्षाच्या वेलीखाली घालवलं, त्याच्यासाठी त्या अख्ख्या ऑर्लँडोत एक जागा आहे आणि ती एपकॉटमध्येच आहे. लिव्हिंग विथ द लँड. संथ बोटीत बसायचं, आणि बोट खऱ्या काचघरांमधून जाते. मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, हवेत लोंबणारी मुळं, मांडवावर चढवलेले वेल, मत्स्यपालनाच्या टाक्या. नाटकी देखावा फक्त सुरुवातीला, पुढचं सगळं खरंखुरं पीक आहे आणि त्यातलं काही तिथल्याच उपाहारगृहांत वापरतात. पंधराएक मिनिटांची फेरी, गुडघ्यांना काही त्रास नाही. त्यांच्या शेजारी बसून त्यांना बोलू द्या. ठिबक कसं नेलंय, वेल कसा बांधलाय, हे ते तुम्हाला सांगतील, आणि तुमच्या बारा वर्षांच्या मुलाने आजोबांना असं काही सांगताना फारसं पाहिलं नसेल. त्याला त्या बोटीत बसवाच, कुरकुरला तरी.

एपकॉटचं मागचं अंग म्हणजे तळ्याभोवती मांडलेले अकरा देश. पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटर होते, म्हणून व्हीलचेअर घ्याच. "मी काय लुळा झालोय का" असं ते म्हणतीलच. अशा वेळी घरातल्या मुलाने सांगितलेलं सुनेपेक्षा जास्त ऐकलं जातं, तेव्हा तेही यजमानांकडे द्या. या पार्कांमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं कुणालाही होतं, धडधाकट माणसंही रात्री पाय शेकतात. व्हीलचेअर दारातच भाड्याने मिळते. पाय भरून आले की बसायचं, एरवी सामान ठेवायचं, असं म्हणून सुरुवात केली की पुढचं सोपं जातं.

खाण्याचंही बघा. डिस्नीत घरचं खाणं आत नेऊ देतात, काचेची भांडी आणि दारू सोडून. दशम्या, धपाटे, चटणी, फळं, सगळं चालतं. युनिव्हर्सलला नियम कडक आहेत, पाण्याच्या बाटल्या आणि किरकोळ खाऊ एवढंच. औषधपाण्यासाठी किंवा पथ्याचं काही लागत असेल तर ते नेऊ देतात. नणंद भारतातून येतेय, म्हणजे पंधरा डॉलरच्या बर्गरचे ती मनात तेराशे रुपये करणार आणि उपाशी राहणार. तिला आधीच सांगून ठेवा. पिण्याचं गार पाणी दोन्हीकडे खाण्याच्या काउंटरवर मागितलं की पेल्यात फुकट मिळतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या नऊ माणसांसाठी मी मुक्काम डिस्नीत करीन आणि युनिव्हर्सलला एकच रात्र देईन, तीही सगळ्यांनी नाही.

मुक्कामाला आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या डिस्नीच्या हॉटेलातले फॅमिली स्वीट बघा. एकात सहा माणसं, दोन न्हाणीघरं, आणि छोटं स्वयंपाकघर, त्यात मायक्रोवेव्ह. म्हाताऱ्या माणसांना रात्री उठावं लागतं, तेव्हा दुसरं न्हाणीघर किती मोलाचं असतं ते तुम्हाला सांगायला नको. इथून स्कायलायनर नावाच्या हवेतल्या पाळण्यांनी, मध्ये एकदा पाळणा बदलून, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं. मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडमला बसच आहे, तेवढं धरून चाला. एपकॉटच्या दिवशी दुपारी परत येऊन झोप काढता येते, मग संध्याकाळी ज्यांना हौस त्यांनी पुन्हा जावं. मॅजिक किंगडमला लायटनिंग लेन घ्या, तिथे काटकसर करू नका. मुलीच्या उंचीला चालतील अशा सगळ्यात जास्त राइड त्याच पार्कात आहेत.

आणि मध्ये एक रात्र रॉयल पॅसिफिकमध्ये एक खोली, फक्त राइड करणाऱ्या चार-पाच जणांसाठी. एक्स्प्रेस पास पोचण्याच्या आणि निघण्याच्या दोन्ही दिवशी चालतो, म्हणजे एका रात्रीत दोन दिवस मिळतात. हॅरी पॉटरचा भाग या दोन्ही पार्कांत आहे आणि मधल्या ट्रेनला दोन्ही पार्कांचं एकत्र तिकीट लागतं, ते आधीच तसं काढा. २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या एपिक युनिव्हर्सचा हट्ट मुलगा धरेलच. ते थोडं लांब आहे, आणि हॉटेलचा एक्स्प्रेस पास तिथे चालत नाही. या वेळी ते सोडा. बाकीची मंडळी त्या दोन दिवसांत डिस्नीच्या हॉटेलवर तळ्याकाठी, तरणतलावावर आरामात राहतील. रॉयल पॅसिफिकच्या त्या खोलीत तुमचं नाव पहिलं लिहा. मुलीजवळ तुमचे यजमान थांबतील, किंवा नणंद आणि तिचे यजमान दोघं. हे ठरवून घेतल्याशिवाय बुकिंग करू नका.

तारखांचं तेवढं फिरवता आलं तर फिरवा. नाताळ ते नववर्ष हा तिथला सगळ्यात गर्दीचा आणि महागडा आठवडा, एका माणसाचं एका दिवसाचं मॅजिक किंगडमचं तिकीट दोनशे डॉलरच्या घरात जातं. आणि दहा वर्षांपुढच्या मुलाला दोन्हीकडे मोठ्यांचंच तिकीट. नाशिकच्या शाळेतून रजा मिळत असेल तर डिसेंबरचे पहिले दोन आठवडे चांगले. त्या दिवसांत मॅजिक किंगडमला काही संध्याकाळी वेगळ्या तिकिटाची नाताळ पार्टी असते, साधं तिकीट असलेल्यांना लवकर बाहेर पडावं लागतं, पण दिवसा गर्दी कमी असते. ती तारीख बघून घ्या. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर तोही पर्याय आहे. न्यू जर्सीच्या शाळांना तेव्हा शिक्षक अधिवेशनाची सुट्टी असते, म्हणून तुमच्याकडची बरीच घरं ऑर्लँडोला धावतात, तरी नाताळाइतकी झुंबड नसते.

नणंदेच्या व्हिसाचं आधी विचारा. मुंबईच्या मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय परत न मिळणारं काहीही बुक करू नका. आणि ती उतरल्यावर निदान चार-पाच दिवस एडिसनलाच राहू द्या. साडेदहा तासांचा फरक असतो, नऊ वर्षांचं पोर दुपारी तीनला उभ्या उभ्या झोपतं.

ग्रुपवर तुम्ही दोघांनी मिळून एकच निरोप टाका, यजमानांच्या फोनवरून: दोन्हीकडे जाऊ, पण वेगवेगळ्या माणसांनी, मुलाची उंची कळव. आणि सासऱ्यांचा एपकॉटचा दिवस सकाळचा ठेवा. काचघरातली पिकं नीट बघायची तर उजेड हवा.